वारापासून वसतिगृहापर्यंत

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘शिक्षण आणि आपला समाज’ या विषयावर काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह पडला. उभे आयुष्य खडू-फळ्याच्या संगतीत काढलेल्या माणसास असा आग्रह मोडवत नाही. परंतु लिहावयास बसलो तेव्हा असे ध्यानात आले की, या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखक एकाच वाटेने जातात. अमुक साली कायदा झाला, तमुक साली विद्यालय निघाले, साक्षरता इतकी वाढली. ही वाट खोटी नाही. परंतु तिच्यावरून चालताना एक साधा प्रश्न मागे राहून जातो. विद्यार्थी शाळेत जात होता हे ठीक. पण तो जेवत कोठे होता? निजत कोठे होता? रात्री त्याच्या पुस्तकापुढे दिवा कोणी ठेवला होता? शाळेचे दार दिवसाचे पाच-सहा तास उघडे असते. उरलेल्या अठरा तासांची ज्याची सोय लागली तो शिकला, आणि ज्याची लागली नाही तो बुद्धीने तल्लख असूनही मागे राहिला. महाराष्ट्रातील शिक्षणाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पुष्कळ अंशी एवढ्यात सामावतो, असे आमचे मत झाले आहे. म्हणून आज शाळांचा नव्हे, तर विद्यार्थ्याच्या ताटाचा इतिहास सांगण्याचे योजिले आहे. आपल्या वसतिगृहाच्या प्रवेशनियमाचा प्रश्न सध्या मंडळापुढे असल्यामुळे तो अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

प्राचीन काळी हा प्रश्न उद्भवतच नसे, कारण शिष्य गुरूच्या घरीच राही. छांदोग्य उपनिषदात सत्यकाम जाबालाची कथा आहे. त्यास शिकावयाचे होते, परंतु गोत्र ठाऊक नव्हते. आईस विचारले, तर तिलाही सांगता येईना. अनेकांच्या घरी राबत असता तू मला झालास, माझे नाव जबाला, तू स्वतःस सत्यकाम जाबाल म्हणव, एवढेच ती म्हणाली. मुलाने गौतम ऋषींपुढे जाऊन तेच जसेच्या तसे सांगितले. जो सत्यापासून ढळला नाही त्यास नाकारता येत नाही, असे म्हणून ऋषींनी त्यास ठेवून घेतले. इथवरची कथा व्यासपीठावरून नेहमी सांगितली जाते. आम्हास तिचा पुढील भाग अधिक मोलाचा वाटतो. गुरूने त्यास पोथी दिली नाही. चारशे रोड गायी काढून दिल्या आणि त्यांच्या मागे जावयास सांगितले. त्यांच्या हजार झाल्याखेरीज परत येणार नाही, असे म्हणून पोर रानात गेले. वर्षे लोटली. परतीच्या वाटेवर त्यास एका बैलाने, अग्नीने, हंसाने आणि एका पाणपक्ष्याने ब्रह्माचा एकेक पाद सांगितला. तो आश्रमात आला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे पाहूनच गुरूने ओळखले की, हा जाणता होऊन आला आहे. कथा रूपकात्मक आहे हे उघड आहे. तथापि राहणे, राबणे आणि शिकणे ही तीन निराळी कामे नव्हेत, हे ज्याने ती रचली त्यास पुरते कळले होते.

अर्थात् सत्यकामास मिळालेले दार पुढे सर्वांस मिळाले नाही. वेदविद्येचे घर मोजक्यांसाठी राहिले, आणि बाकीच्यांसाठी फार तर पंतोजींची शाळा. ही शाळा म्हणजे देवळाची ओवरी, एखाद्या सावकाराची पडवी किंवा पंतोजींचेच ओसरीवजा घर. सरकारचा तिच्याशी संबंध नसे. पालकांनी द्यावयाचे ते धान्याच्या वा पैशाच्या रूपाने द्यावे, सणासुदीस शिधा पोहोचवावा, एवढाच करार. धूळपाटीवर बोटाने वा काडीने अक्षर गिरवावे, हात बसला म्हणजे बोरूने कागदावर मोडीचा कित्ता काढावा, आणि सायंकाळी सर्वांनी एका सुरात परवचा म्हणावा. निमकी, पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी ही अपूर्णांकांची पाठांतरे ज्यांनी केली, त्यांना बाजारात हिशेबासाठी कागद लागत नसे. आमच्या नोकरीच्या प्रारंभी खेड्यांत असे एक-दोन वृद्ध अद्याप भेटत. साडेतीन रुपये भावाने सव्वातेरा शेर धान्याचे किती, हे ते सुपारी कातरता कातरता सांगत. पाठांतराची आज फार निंदा होते. आम्ही ती निंदा अर्धीच मान्य करतो. पंतोजींच्या छडीचे समर्थन मात्र कोणी करू नये. मुलास उलटे टांगणे, पाठीवर दगड ठेवून ओणवे उभे करणे, हे प्रकार त्या शाळांत शिक्षणाचा भाग समजले जात.

त्या शाळेत ब्राह्मण, प्रभू, वाणी, सोनार यांची मुले असत, क्वचित् एखाद्या सधन कुणब्याचाही मुलगा असे. ज्यांना लिहिण्या-मोजण्यावर पोट भरावयाचे त्यांच्यासाठी ती होती. सुताराचे, लोहाराचे, शिंप्याचे पोर तेथे दिसत नसे. ते बापाशेजारी बसून वाकस, ऐरण किंवा कातर चालवावयास शिके. तेही शिक्षणच होते, आणि कच्चे तर मुळीच नव्हते. गुण्या लावून काटकोन साधणाऱ्या सुताराच्या पोरास भूमितीचे नाव ठाऊक नव्हते, इतकेच. उणीव निराळ्या ठिकाणी होती. ज्या हाताने बारा आऱ्यांचे चाक बिनचूक बसविले, त्याच हातास सावकाराच्या खतावर काय लिहिले आहे हे न वाचता अंगठा उठवावा लागे. आपल्या समाजातील कित्येक घरांत असे जुने कागद अद्याप ट्रंकांच्या तळाशी आहेत. ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ या चार शब्दांखाली किती जमिनी गेल्या, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

इंग्रजी अंमल आला आणि सरकारने शिक्षणात हात घातला. मुंबईचे गव्हर्नर एलफिन्स्टन यांचे १८२३-२४ च्या सुमाराचे शिक्षणविषयक टिपण प्रसिद्ध आहे. त्यात एक स्थळ असे आहे की, ते वाचून मन थबकते. मिशनऱ्यांना खालच्या मानलेल्या जातींची मुले उत्तम विद्यार्थी आढळतात, असे गव्हर्नरसाहेब नमूद करतात. आणि लगेच पुढे सावधगिरीची सूचना देतात की, त्यांना विशेष उत्तेजन देताना जपावे, कारण आपले शिक्षण प्रथम त्यांच्यात रुजले तर ते त्यांच्यापलीकडे जाणारच नाही. मुले हुशार आहेत हे दिसत होते, लिहूनही ठेवले होते, आणि म्हणूनच थांबविले होते. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूस आहे हे मुंबई सरकारने मान्य केले, परंतु एका मुलाकरिता इतर साऱ्यांना दुखविता येत नाही म्हणून अर्ज फेटाळला. वरिष्ठ सरकारास हा निर्णय रुचला नाही आणि १८५८ साली सरकारी शाळा सर्व जातींस खुल्या असल्याचे तत्त्व मान्य झाले. तत्त्व कागदावर आले. पोरे आणखी कित्येक वर्षे शाळेच्या बाहेर ओट्यावर बसून राहिली.

आता आमच्या मुख्य विषयाकडे वळतो. इंग्रजी शाळा निघाल्या त्या जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावी. खेड्यातील मुलास तेथे शिकावयाचे तर घर सोडणे प्राप्त. श्रीमंताची गोष्ट वेगळी. गरीब मुलाने काय करावे? ब्राह्मण समाजाने या प्रश्नाचे उत्तर इंग्रज येण्यापूर्वीच शोधून ठेवले होते. त्या उत्तराचे नाव ‘वार’.

वार म्हणजे काय हे तरुण वाचकांस सांगावे लागेल. परगावाहून आलेला गरीब विद्यार्थी गावातील सात घरे धरी. सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे, याप्रमाणे आठवडाभर त्याचे जेवण सात चुलींवर शिजे. एखाद्या वाराचे घर मिळाले नाही तर त्या दिवशी पाणी पिऊन निजावे किंवा आदल्या दिवशीची भाकरी राखून ठेवावी. ज्यांना वारही मिळत नसत ते झोळी घेऊन माधुकरी मागत. निजावयास एखाद्याच्या वाड्यातील जिन्याखालची जागा, अभ्यासास देवळातील नंदादीप किंवा रस्त्यावरील दिवा. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विद्वान म्हणून नावाजलेले कित्येक पुरुष या अन्नावर वाढले. पुढे या सोयीस संस्थेचे रूपही आले. पुण्यात १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहात, म्हणजे पुढील काळातील पुणे विद्यार्थी गृहात, माधुकरीवर शिकणारी मुले एका छपराखाली राहू लागली.

आपल्या सभांतून काही वक्ते वारावर जेवणाऱ्यांची थट्टा करतात आणि टाळ्या मिळवितात. ते आम्हास पसंत नाही. परक्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून, घरच्या मंडळींचे झाल्यावर उरलेले मुकाट्याने खाणे, त्याच्या मोबदल्यात पाणी भरणे, आणि ताटावरून उठून पुन्हा पुस्तक उघडणे, ही सोपी तपश्चर्या नव्हे. पुष्कळांच्या मनावर तिचे वळ जन्मभर राहिले. परंतु त्या अपमानातही एक गोष्ट गृहीत होती. आपल्या पोराने शिकावे असे साऱ्या समाजास वाटत होते. ज्या माउलीने बुधवारी एक पान जास्त वाढले, तिला अक्षरओळख नसेल. शिकणाऱ्या मुलास अन्न घालणे हे पुण्य आहे, एवढे मात्र तिला पक्के ठाऊक होते.

आता त्याच गावी, त्याच वर्षी, त्याच शाळेत येऊ इच्छिणाऱ्या कुणब्याच्या, धनगराच्या, शिंप्याच्या, चांभाराच्या मुलाचा विचार करावा. गरिबी दोघांच्या घरी सारखीच असू शकेल. पण या मुलास सात घरे कोण देणार? त्याच्या जातीची शहरात घरे असलीच तर हातावर पोट असणाऱ्यांची. खाणावळी जातवार. खोली भाड्याने मागावी तर पहिला प्रश्न आडनावाचा. आणि अस्पृश्य मानलेल्या मुलास तर पाणवठाही बंद. म्हणून शाळेचे दार उघडे असूनही ते त्याच्यासाठी बंदच होते. बहुजन समाजास शिक्षणाची गोडी नव्हती असे जे विधान पुस्तकांतून आढळते, ते करणाऱ्यांनी त्या मुलाच्या रात्रीच्या जेवणाचा विचार केलेला नसतो.

जोतीराव फुले यांना हे मर्म आपल्या आयुष्यातूनच उमगले असले पाहिजे. त्यांचे स्वतःचे शिक्षण मध्येच तुटले होते. गफार बेग मुनशी आणि लिजिटसाहेब या दोन शेजाऱ्यांनी वडिलांचे मन वळविले नसते तर १८४१ साली ते पुन्हा शाळेत गेलेच नसते. १८८२ च्या ऑक्टोबरात हंटर कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात त्यांनी सरकारला स्पष्ट विचारले की, सारा भरतो रयत, मग त्या पैशातून शिकतात कोण? निदान बारा वर्षांच्या वयापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षकास दरमहा बारा रुपयांपेक्षा कमी वेतन देऊ नये, आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातील असावा, नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस हाती धरण्याची ज्यास लाज वाटणार नाही असा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षक म्हणून आम्हास या शेवटच्या मागणीचे फार कौतुक वाटते. मुलाच्या घरी काय शिजते हे ज्यास ठाऊक नाही, त्याने त्यास काय शिकवावे!

त्याच दशकात पुण्यात गंगारामभाऊ म्हस्के यांनी डेक्कन मराठा एज्युकेशन असोसिएशनच्या द्वारे गरीब मराठा विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे पुण्यास येऊन फर्ग्युसन कॉलेजात शिकले ते अशा साहाय्यावरच. पण शिष्यवृत्ती म्हणजे पैसा. पैसा खिशात असूनही ताट कोणी मांडीना, ही अडचण शिल्लकच होती. तिच्यावर घाव घातला तो कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी.

येथे एक तपशील ध्यानात घेण्यासारखा आहे. महाराजांनी आरंभीच जातवार वसतिगृहे काढली नाहीत. राजाराम कॉलेजास जोडून १८९६ च्या सुमारास त्यांनी सर्व जातींसाठी एकच वसतिगृह काढले होते. नाव सर्वांचे, परंतु व्यवहारात काही वर्षांतच तेथे एकाच जातीचे विद्यार्थी उरले, असा इतिहास सांगितला जातो. दार सर्वांना उघडे ठेवले म्हणजे सर्व आत येतात असे नाही. जे आधीच दाराशी उभे असतात तेच येतात. हा अनुभव गाठीशी घेऊन १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे, पुढे मुसलमानांचे, लिंगायतांचे, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. शिंपी, देवज्ञ, पांचाळ, प्रभू, सारस्वत, एकेका ज्ञातीस दरबारने जागा द्यावी, इमारतीस आणि वार्षिक खर्चास मदत द्यावी, आणि उरलेला भार ज्ञातीने उचलावा, अशी पद्धत पडली. वीसच्या घरात वसतिगृहे एका लहानशा संस्थानात उभी राहिली. कोल्हापुरास विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे.

आमच्या दृष्टीने या वसतिगृहांचा अर्थ असा की, बहुजन समाजास प्रथमच आपला ‘वार’ मिळाला. फरक एवढाच की, हे ताट कोणाच्या उंबऱ्याशी नव्हते. आपल्या ज्ञातीने वर्गणी काढून, आपल्या हाताने मांडलेले ते होते. ज्या समाजांनी पूर्वी शिकणाऱ्या पोरासाठी कधी वर्गणी काढली नव्हती, त्यांच्या पंचायती आता लग्नातील दंडाचे आणि देवकार्याचे पैसे सोडून बोर्डिंगच्या तांदळाची चर्चा करू लागल्या. आज आपण ज्याला ज्ञातिसंस्था म्हणतो, आणि ज्या संस्थेची ही स्मरणिका आहे, तिचे मूळ या चर्चेत आहे. महाराजांवर जातिभेद वाढवीत असल्याचा आरोप झालाच. परंतु ज्याने १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांच्या शाळेत बसविली, त्यास जातींच्या भिंती कायम ठेवावयाच्या होत्या असे कोण म्हणेल? जातवार वसतिगृह ही त्यांच्या मते शिडी होती.

शिडीवरून माळ्यावर कोण चढला, तेही पाहण्यासारखे आहे. कुंभोज गावचा, १८८७ साली जन्मलेला भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहत होता. तो मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास गेला आणि परत आल्यावर स्नान करण्याचे त्याने साफ नाकारले. त्यावरून त्यास बोर्डिंग सोडावे लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे हा तरुण किर्लोस्करांच्या नांगरांसाठी आणि ओगल्यांच्या काच कारखान्यासाठी खेडोपाडी फिरला. (त्याच कारखान्याच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात पुढे किती पिढ्यांनी अभ्यास केला!) १९१९ साली कराडजवळ काले येथे त्याने रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह थाटले. या वसतिगृहात मराठा, महार, जैन, मुसलमान, मांग अशी सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, झाडलोट करीत आणि शेतात राबत. १९२७ च्या फेब्रुवारीत महात्मा गांधींनी त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण केले. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, अखेर मंगळसूत्रही विकले, हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. खेड्यातील बायका दळणातून एक मूठ धान्य बाजूस काढून संस्थेस देत. सात घरांचा वार होता, तो आता सातशे घरांचा झाला.

१९२५ च्या जानेवारीत डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरास वसतिगृह काढले. विदर्भात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय उभारले. सगळ्यांची हकीकत येथे देण्यास जागा नाही. मात्र डॉ. आंबेडकरांनी सभेच्या पहिल्याच कामांत वसतिगृह का घेतले, हे त्यांच्या बालपणावरून कळते. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब. मुलाने रात्री दोनला उठून निवांत वाचावे म्हणून वडील तोवर जागे राहत. दिवा, जागा आणि निवांतपणा यांची किंमत त्यांना कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

वसतिगृहाने मुलास केवळ अन्न दिले असते तरी ते पुरेसे होते. पण त्याने अधिक काही दिले. वर्गात मुलगा ऐकतो. ऐकलेले अंगी लागते ते इतरत्र. आम्ही अनेक वसतिगृहांतील मुले पाहिली. जो मुलगा घरी आईने हाक मारल्याखेरीज उठत नव्हता, तो घंटेवर उठू लागतो. भाजी आणण्याची पाळी आली म्हणजे त्यास बाजारभाव कळतो, आणि महिनाअखेर हिशेब जुळला नाही की वर्गातील बेरीज-वजाबाकीस एकाएकी अर्थ येतो. वरच्या इयत्तेतील मुलगा खालच्यास गणित समजावून सांगतो आणि सांगता सांगता स्वतःलाच ते प्रथम समजते. शेजारच्या खाटेवरील मुलास ताप आला तर रात्रभर पट्ट्या ठेवाव्या लागतात. कोकणातील मुलगा आणि देशावरील मुलगा एकमेकांच्या बोलीची आधी चेष्टा करतात, मग एकमेकांचे शब्द वापरू लागतात. सत्यकामास बैल, अग्नी, हंस यांनी जे शिकविले ते थोडेसे याच जातीचे असावे. याचे गुण कोणत्याही परीक्षेत मिळत नाहीत. तथापि वीस वर्षांनी माणूस भेटतो तेव्हा तो वसतिगृहात राहिलेला होता की नाही, हे आम्हास बहुधा त्याच्या बोलण्यावरून सांगता येते.

मात्र आमच्या पाहण्यात आलेला दुसरा भागही सांगितला पाहिजे. ज्या वसतिगृहात एकाच जातीची मुले, तेथे हे शिक्षण अर्धवट राहते. गावातील एक आळी उचलून शहरात वसविली, असे त्याचे रूप होते. तीच आडनावे, तेच सणवार, तीच भाऊबंदकी, आणि इतर समाजांविषयी घरून आणलेल्या त्याच समजुती. शिडी माळ्यास पोहोचली नाही की ती नुसतीच भिंतीस टेकून राहते.

स्वराज्यानंतर अन्नाचा प्रश्न सरकारनेही ओळखला, परंतु फार उशिरा. १९९५ च्या १५ ऑगस्टपासून प्राथमिक शाळांसाठी पोषण आहाराची योजना आली तेव्हा मुलांच्या हाती महिन्यास तीन किलो तांदूळ देत. आम्ही स्वतः मापून दिला आहे. २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न द्यावे असा आदेश दिला आणि शाळांतून खिचडी शिजू लागली. एका शाळेत प्रारंभी चार-पाच घरांतून मुलांबरोबर डबे येऊ लागले. शिजविणारी बाई कोणाची, याची चौकशी गावात झाली होती. मास्तरांनी काही म्हटले नाही. पावसाळा संपता संपता ते डबे आपोआप बंद झाले. मुलेच डबा दप्तरात ठेवून पंगतीस बसू लागली, कारण खिचडीचा वास आणि शेजारच्या मित्राचे ताट यांपुढे घरच्या ताकिदीचा टिकाव लागला नाही. ज्या गोष्टीसाठी पूर्वी बोर्डिंगमधून बाहेर पडावे लागे, ती आता सहा वर्षांची पोरे दररोज दुपारी करतात.

आता आपल्या मंडळाच्या वसतिगृहाविषयी. ते वडीलधाऱ्यांनी अपार कष्टांनी उभारले. कोणी आठवड्याची मजुरी दिली, कोणी विटा दिल्या, कोणी चौकटी-दारे स्वतः घडवून दिली. त्यात बत्तीस खाटा आहेत. गेल्या वर्षी त्यांपैकी अकरा रिकाम्या होत्या. कारण उघड आहे. आपल्यातील ज्यांची स्थिती सुधारली त्यांची मुले शहरातच जन्मली, किंवा भाड्याच्या खोल्यांतून राहतात. आणि खेड्यातील जी गरीब मुले उरली त्यांच्यापर्यंत आपली जाहिरात पोहोचत नाही. याच वसतिगृहाच्या फाटकाशी गेल्या जूनमध्ये ऊसतोड कामगाराचा एक मुलगा आपल्या मामासह आला होता. गुण उत्तम होते. जात निराळी म्हणून त्यास परत पाठविण्यात आले. नियमाप्रमाणे अधीक्षकांस दुसरे काही करता येत नव्हते.

कार्यकारिणीत यावर दोन पक्ष पडले आहेत. एक पक्ष म्हणतो, देणग्या ज्ञातीच्या, मग लाभ परक्यास का? दुसरा म्हणतो, दार सर्वांना सरसकट उघडावे. आम्ही पहिल्या पक्षाशी सहमत नाही हे वरील विवेचनावरून दिसेलच. परंतु दुसऱ्या पक्षानेही १८९६ च्या कोल्हापुरास विसरू नये. नुसते दार उघडले तर गुणांच्या यादीत वर असलेली, शिकवण्या लावलेली, सुस्थितीतील मुले बत्तीस खाटा दोन वर्षांत भरून टाकतील, आणि आपल्या खेड्यातील मुलगा व तो ऊसतोड कामगाराचा मुलगा दोघेही पुन्हा फाटकाबाहेर राहतील. म्हणून आमची सूचना अशी आहे की, ज्ञातीतील गरजू अर्जदारांस प्रथम घ्यावे. उरलेल्या सर्व जागा जात न विचारता अशा मुलांस द्याव्यात की ज्यांच्या घरात दहावीच्या पुढे कोणी शिकलेले नाही आणि ज्यांच्या गावी पुढील शिक्षणाची सोय नाही. जुन्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावर मुलींसाठी आठ खाटांची सोय होऊ शकते. तेथे स्वतंत्र जिना आहे, पाण्याची जोडणी तेवढी करावी लागेल. स्वयंपाकाचा खर्च वाढेल हे खरे. त्यासाठी दर घराने महिन्यास एका मुलाच्या एका दिवसाच्या जेवणाची रक्कम द्यावी. म्हणजे एक वार द्यावा.

याविषयीचा ठराव आगामी वार्षिक सभेपुढे यावयाचा आहे. घटनेतील प्रवेशाचे सातवे कलम काढून आम्ही ते पुन्हा वाचले. ‘ज्ञातीतील गरीब, होतकरू व परगावच्या विद्यार्थ्यांस’ अशी त्यातील शब्दयोजना आहे. दुरुस्ती पहिल्या शब्दापुरतीच करावयाची आहे, आणि तीस उपस्थित सभासदांची दोन-तृतीयांश मते लागतात.